लॅपलँडच्या काळ्या माश्या: यंदाच्या सीझनचा हिशोब

मंडळी, ऑगस्ट संपत आलाय, इथे स्वीडनच्या उत्तर टोकाला किरुनात बर्च पिवळे पडायला लागलेत आणि आता जाळं घेऊन बाहेर पडण्यात फारसा राम उरलेला नाही, तेव्हा सगळे डबे टेबलावर काढून ठेवलेत आणि लॉग लिहायला बसलेय.

यंदा ठरवून हॉवरफ्लाय, म्हणजे फुलांवर एका जागी तरंगणाऱ्या माश्या, सोडल्या. त्या सुंदर आहेत, मान्य, पण त्यांच्यामागे आधीच भरपूर लोक आहेत, फोटोवरून अर्ध्याअधिक ओळखता येतात, चांगली पुस्तकं आहेत. मला ती माशी करायची होती जिच्याकडे बघून पक्षीवाले सोडाच, किडेवालेसुद्धा "हां, माशी" म्हणून पुढे जातात. पाच-सहा मिलिमीटरची, काळी नाहीतर राखाडी, अंगावर राठ केस, बघायला गेलं तर घरमाशीची गरीब चुलत बहीण. मस्किडी आणि अँथोमायिडी ह्या दोन फॅमिली, आणि त्यातही मुख्य म्हणजे स्पिलोगोना हे जीनस, म्हणजे जवळच्या स्पिसीजचा (जातींचा) एक गट. आई सांगलीहून फोनवर म्हणाली, "अगं, माश्या मारायला एवढ्या लांब गेलीस होय?" आता यावर काय बोलणार, शब्दशः खरंच आहे ते.

पण उत्तरेला जसजसं वर जावं तसा फुलांवरचा कारभार मधमाश्यांच्या हातून सुटत जातो आणि ह्या काळ्या माश्यांच्या हातात येतो. ग्रीनलँडच्या ईशान्य भागात झाकनबर्ग नावाचं संशोधन केंद्र आहे, तिथे काही लोकांनी ड्रायस नावाच्या झुडपाच्या फुलांसारखी चिकट नकली फुलं बनवून लावली, त्यावर काय काय चिकटतं ते डीएनएवरून ओळखलं, आणि २०१६ साली छापून आलं की ड्रायसच्या बिया धरण्याशी सगळ्यात जास्त संबंध लागतो तो मस्किड माश्यांचा, त्यातही स्पिलोगोना सँक्टिपॉली ह्या एका स्पिसीजचा. हे वाचलं तेव्हाच ठरलं होतं की हॉवरफ्लायना रामराम. कासच्या पठारावर आपण फुलांचे फोटो काढतो आणि फुलावर बसलेली माशी क्रॉप करून टाकतो ना, तीच माशी इथे मेन हिरॉइन आहे.

माझी जागा अबिस्कोच्या बाजूला, किरुनाहून साधारण शंभर किलोमीटर, टूर्नेट्रेस्क तलावाच्या काठाने ई-दहा रस्ता आणि नार्विकला जाणारी रेल्वे जवळजवळ बरोबरीने जातात तो पट्टा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय किडे पकडायचे नाहीत हे नव्याने येणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवा, मी जाळं हद्दीच्या बाहेरच उघडते, ब्यॉर्कलिडेनच्या बाजूला. अबिस्को पर्जन्यछायेत आहे, वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, स्वीडनमधल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी एक, त्यामुळे ऊन मिळतं, आणि माशीवाल्याला ऊन म्हणजे सगळं काही. शिवाय जमिनीत चुना आहे म्हणून ड्रायस भरपूर.

ड्रायस म्हणजे जमिनीला चिकटून वाढणारं छोटं झुडूप, फूल पांढरं, बहुतेक वेळा आठ पाकळ्यांचं, मधे पिवळे पुंकेसर. फूल वाटीसारखं असतं आणि ते सूर्यामागे फिरतं. ऊन वाटीत गोळा होतं आणि आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त राहतं. जूनच्या शेवटी रात्री साडेदहाला मी पोटावर पडून एकाच फुलाकडे बघत होते, सूर्य उत्तरेकडे कललेला पण मावळायचं नाव नाही, बाहेर जॅकेट घालायची थंडी, आणि फुलात एक नर स्पिलोगोना बसलेला, अगदी स्वस्थ, पंख थोडे उघडे, पुढचे पाय एकमेकांवर घासतोय, मग मागचे पाय पंखांखालून काढून पोटावरून फिरवतोय, पाठीवर परागकणांची पिवळी पूड. ढगाचा एक तुकडा आला की तो पुंकेसरांच्या खाली सरकायचा, ऊन आलं की परत कडेला. उडाला तर फूटभर लांबच्या दुसऱ्या फुलात. खातोय कमी, ऊन शेकतोय जास्त, पण त्या नादात ह्या फुलातली पूड त्या फुलात जातेय ना, झालं तर मग. जाळं मारायचं असेल तर अशा वेळी मारा, ढग आल्याबरोबर, तेव्हा उडायला जड जातं त्यांना. भर उन्हात माझ्याने तरी हाती लागत नाहीत.

जाता जाता, मध्यरात्रीच्या सूर्याची एक वेगळीच कटकट आहे, लेबलवर तारीख कुठली लिहायची. रात्री अकराला सुरू करायचं, दीडला संपवायचं, आणि त्याच उतारावरच्या माश्यांना दोन वेगळ्या तारखा. मी पकडल्याची वेळ पण लिहायला लागलेय, लेबल लांब होतं पण भांडण मिटतं.

पकडणं सोपं आहे हो. माशी शिंकते ती ओळखताना.

आधी फॅमिली: पंखातली मागची गुदशीर (ॲनल व्हेन) पंखाच्या कडेपर्यंत पोचते का ते बघायचं, पोचली, निदान घडीसारखी का होईना, तर अँथोमायिडी, अर्ध्यात संपली तर मस्किडी. पाठीच्या टोकाला जो त्रिकोणी स्कुटेलम असतो त्याच्या खालच्या बाजूला बारीक केस असतील तर बहुतेक अँथोमायिडीच. हे दहापट भिंगाखालीसुद्धा जमतं, इथपर्यंत मजा आहे. पुढे मग पाठीवरच्या केसांच्या रांगा मोजा, पायावरचे केस मोजा, आणि नेमका तोच केस जाळ्यात तुटलेला असतो. नराचे डोळे कपाळावर एकमेकांच्या जवळ आलेले असतात, मादीचं कपाळ रुंद, एवढा फरक लगेच कळतो. पण स्पिसीजवर शिक्का मारायला बहुतेक वेळा नराचे जेनिटॅलियाच, म्हणजे पोटाच्या टोकाची जननेंद्रियं, उघडून बघावे लागतात.

त्यासाठीची माझी पद्धत आता बऱ्यापैकी बसलीय. माशी ताजी असेल, म्हणजे मेल्यापासून दोन-चार तासांत, तर वाकवलेल्या मायक्रोपिनने टोक हळूच बाहेर ओढून ठेवायचं आणि तसंच वाळू द्यायचं, पुढचं निम्मं काम वाचतं. वाळलेली असेल तर रात्रभर ओलसर डब्यात ठेवून मऊ करायची, पोटाचं टोक कापायचं, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये आतलं मांस विरघळेपर्यंत ठेवायचं, पाण्यात एक थेंब ॲसेटिक ॲसिड टाकून धुवायचं आणि स्लाइडवर ग्लिसरिनच्या थेंबात घ्यायचं. मागून बघायचं, बाजूने बघायचं, पोटाच्या पाचव्या पट्टीच्या दोन फाकांचा आकार बघायचा. मग तो तुकडा ग्लिसरिनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच माशीच्या पिनवर खाली टोचायचा, म्हणजे तो आणि माशी एकमेकांपासून कधी सुटणार नाहीत. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे आणि लोक टाळतात, टाळू नका.

माशी ओळखायची की, म्हणजे पायरीपायरीने नावापर्यंत नेणारी किल्ली, म्हणाल तर आधार अजून जर्मनच. विली हेनिग, ज्याने वंशवृक्षाच्या वर्गीकरणाची सगळी पद्धतच बदलून टाकली, तो मूळचा आपला माशीवाला होता, आणि पॅलिआर्क्टिक, म्हणजे युरोप आणि उत्तर आशियाच्या पट्ट्यातल्या, मस्किडींवरचं त्याचं काम १९५५ ते १९६४ ह्या काळात भागाभागाने छापलं गेलं. मला जर्मन येत नाही, मोबाइलचा कॅमेरा पानावर धरून भाषांतर वाचते, केसांच्या नावांचं भाषांतर असं काही भन्नाट येतं की शेवटी मूळ शब्दच पाठ झाले. नव्या इंग्रजी किल्ल्या आहेत, पण आकृत्या हेनिगच्या जास्त बोलतात, हे माझं मत.

आणि स्पिसीजच्या नावांपुढे कंसात, नाव देणारा म्हणून, जो माणूस वारंवार भेटतो तो म्हणजे सेटरस्टेट, १८३८. योहान विल्हेल्म सेटरस्टेट, लुंडचा प्राध्यापक, लॅपलँडमधून फिरला, आणि उत्तरेकडच्या माश्यांना एकामागून एक नावं देत सुटला. रेल्वे नाही, रस्ते नाहीत, डासांवर फवारायला काही नाही. मी ट्रेनच्या डब्यात सीट गरम करून आलेली बाई, त्याच्याच स्पिसीज परत शोधतेय आणि वर दमले म्हणतेय.

डासांचं काय सांगू. ओळखीच्यांच्या केबिनमागे त्यांना विचारून मालेझ ट्रॅप लावला होता. हा तंबूसारखा जाळीचा ट्रॅप रेने मालेझ ह्या स्वीडिश माणसाच्या डोक्यातून आला, किडे तंबूत शिरून वरच्या कोपऱ्यात जमा होतात हे त्याने पाहिलं आणि १९३४ च्या बर्मा मोहिमेत ते प्रत्यक्ष वापरलं. जुलैत माझी बाटली उघडली तर वरून खालपर्यंत डास, काळ्या चावऱ्या माश्या आणि केमरं, त्या गाळात स्पिलोगोना शोधायच्या. त्यापेक्षा पिवळे वाडगे बरे, पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, ओढ्याच्या काठी ओल्या शेवाळावर ठेवायचे. स्पिलोगोनाच्या अळ्या शिकारी असतात आणि ओल्या जागी वाढतात, त्यामुळे माद्या तिथे येतातच. पुढच्या वर्षी मालेझ फक्त जूनच्या सुरुवातीला, डास उठायच्या आत.

साइडचं थोडं. मे अखेरीला किरुनाच्या बाहेर एका बर्चच्या झाडाजवळ एम्पिस बोरिआलिसचा थवा मिळाला. यांच्यात थवा माद्यांचा असतो आणि नर बाहेरून मेलेला किडा भेट म्हणून घेऊन येतो, थव्यातली एक निवडतो. एका नराने आणलेला किडा जवळपास त्याच्याच आकाराचा होता, त्याला धड उडता येत नव्हतं, पण सोडायला तयार नाही. व्हिडिओ हललाय, तरी ठेवलाय. रेनडियरच्या कातडीखाली अळ्या वाढवणारी हायपोडर्मा टारांडी एकदाच दिसली, केसाळ, भुंग्यासारखी, दगडावर. ह्या माशीच्या धाकाने रेनडियर उन्हाळ्यात उरलेल्या बर्फावर जाऊन गर्दी करतात. कळप जवळ होता म्हणून मी लांबूनच परत फिरले, कळप कोणाच्या तरी रोजीरोटीचा असतो, एका फोटोसाठी पिटाळायचा नसतो.

नोंदी आर्टपोर्टालेनवर, म्हणजे स्वीडनच्या जीवनोंदींच्या साइटवर, चढवतेय. नियम एकच, नराचं टोक बघितल्याशिवाय स्पिसीजचं नाव नाही. माद्या सगळ्या "स्पिलोगोना, पुढे माहीत नाही" म्हणून जातात. कोणी म्हणेल अशा नोंदीचा उपयोग काय, तर उपयोग हा की फूल कुठलं, उंची किती, तारीख काय, हे लिहिलेलं राहतं आणि नमुना अल्कोहोलमध्ये असतो, उद्या डीएनए बारकोडिंग झालं की मादीला पण नाव मिळेल. स्वीडनने २००३ ते २००६ देशभर मालेझ ट्रॅप लावून अंदाजे दोन कोटी किडे गोळा केले, त्यांची नुसती वर्गवारी करायला दीड दशक गेलं. त्यावरून २०२० साली जो अंदाज मांडला गेला त्यात सजीवांना नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या ह्या देशातसुद्धा अजून किड्यांच्या पाच हजारांच्या आसपास स्पिसीज नोंदवायच्या बाकी आहेत, त्यातल्या बहुतेक माश्या आणि परजीवी गांधीलमाश्या. फुलपाखरांमध्ये नवीन काही शोधायला जाल तर हात हलवत परत याल, इथे अजून जागा आहे.

आणि घाई का, तर झाकनबर्गलाच १९९६ ते २०१४ ह्या काळात मस्किड माश्यांची संख्या साधारण ८० टक्क्यांनी घसरली. हे कळलं कारण तिथे दरवर्षी त्याच जागी, त्याच ट्रॅपने मोजत होते. माझ्या उतारावर मागचं काहीच मोजलेलं नाही, म्हणून पुढच्या वर्षीपासून फुलांचे तेच चौकोन, तीच वेळ, फुलामागे किती माश्या एवढंच मोजायचं, पकडायचं कमी. चौकोनांच्या कोपऱ्यांना खुंट्या न ठोकता जीपीएसवर टाकलेत.

आता बाकी काय राहिलंय: अँथोमायिडींचा एक अख्खा डबा, ज्याला मी हातच लावलेला नाही. हिवाळ्यात किओनिआ, म्हणजे बिनपंखांची, कोळ्यासारखी दिसणारी, बर्फावर चालणारी क्रेन फ्लाय, दालमान ह्या स्वीडिश किडेवाल्याने १८१६ मध्ये नाव दिलेली. पंख नाहीत पण तोल सांभाळायचे मागचे दोन दांडे अजून शिल्लक आहेत, आणि पाय गोठायला लागला की ती स्वतःच तो तोडून टाकते, थंडी शरीरात चढायच्या आत. अमेरिकेतल्या किओनिआंवर हे २०२३ मध्ये दाखवलंय, आपल्याकडच्यांच्या पायांची मोजणी कोणी केली असेल तर मला सांगा. थंडी फार कडक नसेल, शून्याच्या थोडं खाली, वारा नाही, आणि उंदरांच्या बिळांजवळचा बर्फ, अशा दिवशी बघा. ज्यांना नमुने पाठवायचेत त्यांनी अल्कोहोल पोस्टात टाकू नका, ज्वलनशील म्हणून पार्सल परत येतं, पिन केलेल्या पाठवा, आणि पिनच्या दोन्ही बाजूंना आडव्या पिना लावा, नाहीतर एक माशी फिरली की डब्यातल्या सगळ्यांचे पाय जातात.