डाव्या सोंडेचा शॉट

"सर, एजन्सीला हा गणपती उजव्या सोंडेचा नको आहे," असे माझा सहाय्यक म्हणाला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. एका खासगी बँकेची गणेशोत्सवाची चाळीस सेकंदांची जाहिरात संध्याकाळी सात वाजता द्यायची होती. अंधेरीतल्या ज्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत मी संकलनाचे काम करतो, तिथे अशा सूचना दर तासाला येतात आणि बहुतेक निरर्थक असतात. ही मात्र रास्त होती. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानले जाते, घरी बसवायची मूर्ती डाव्या सोंडेची असावी असा आपल्याकडचा संकेत आहे, आणि एजन्सीतल्या वरिष्ठ बाईंना बँकेच्या ग्राहकांची पत्रे नको होती. दोनच सेकंदांचा शॉट होता. मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो आहे, कॅमेरा त्याच्या खांद्याजवळ आहे, मूर्तीचा चेहरा आणि मोदक धरलेला हात स्पष्ट दिसतो. चित्रीकरणाचा कारखान्यातला दिवस पावसाने वाया गेल्यामुळे एजन्सीने तो तयार चित्रफिती विकणाऱ्या, म्हणजे स्टॉक फुटेजच्या, परदेशातल्या एका संकेतस्थळावरून निवडला होता.

या कामाबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, अशा संकेतस्थळांवरची क्लिप आम्ही आधी विकत घेत नाही. वॉटरमार्क, म्हणजे चित्रावर तिरके छापलेले संकेतस्थळाचे नाव, असलेली कमी दर्जाची नमुनाप्रत फुकट उतरवता येते, तीच टाइमलाइनवर लावून जाहिरात मंजूर करून घेतली जाते आणि शेवटच्या दिवशी पैसे भरून स्वच्छ प्रत आणून बसवली जाते. म्हणजे तो शॉट दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता. मी त्याची लांबी सहा फ्रेमांनी कमी केली होती, रंग थोडा उबदार केला होता आणि सहाय्यकाला "बरा शॉट मिळवलास" असेही म्हणालो होतो.

सोंडेचा उपाय सोपा होता, शॉट आरशातल्यासारखा उलटा करायचा. सहाय्यकाने एक बटण दाबले, चित्र फिरले, सोंड डावीकडे वळली, आणि मला समोर पेणचे अण्णा दिसले.

उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, श्वास रोखून ते डोळ्याची वरची रेघ ओढत होते. चष्म्याची काळी दोरी कानामागून लोंबत होती. जुलै २०१८ मध्ये पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात तीन दिवस बसून मी हा शॉट स्वतः घेतला होता, अकरा मिनिटांच्या एका माहितीपटासाठी, ज्याचा सगळा खर्च मी माझ्या खिशातून केला होता. दोन दिवस डावखुऱ्या मूर्तिकाराच्या रूपात तो माझ्यापुढे फिरत होता आणि माझ्या डोक्यात काहीही हलले नव्हते, याची लाज मला चोरीच्या संतापापेक्षा जास्त वाटली आणि अजूनही वाटते.

पुढचा तास मी जे केले ते जाहिरातीच्या दृष्टीने निरुपयोगी होते, पण ते केल्याशिवाय मला राहवले नसते. माहितीपटाच्या माझ्या प्रतीत तो शॉट सहा सेकंदांचा आहे. संकेतस्थळावरची क्लिप दहा सेकंदांची होती, म्हणजे वेग साठ टक्क्यांवर आणलेला होता. कुंचल्याचे टोक मधूनच विरघळल्यासारखे दिसत होते, कारण मधल्या फ्रेमा सॉफ्टवेअरने कल्पनेने भरल्या होत्या. कोपऱ्यातले माझे नाव जावे म्हणून चित्र साधारण बारा टक्क्यांनी मोठे करून कडा कापल्या होत्या. इंटरनेटवरून उतरवलेली दाबलेली प्रत ताणून तिला फोर-के म्हटले होते, त्यामुळे मागच्या निळसर भिंतीवर पायऱ्यांसारखे पट्टे उमटले होते. मी ती क्लिप सुलटी केली, वेग पूर्ववत केला, आकार जुळवला, माझा शॉट तिच्याखाली ठेवला आणि दोन्ही थर डिफरन्स मोडमध्ये टाकले. या पद्धतीत दोन चित्रांमधला फक्त फरक दिसतो आणि जे सारखे असते ते काळे होते. पडदा जवळजवळ पूर्ण काळा झाला. त्या काळ्यावर फक्त संकेतस्थळाचे नाव तेवढे तिरके उरले होते.

शेवटच्या फ्रेमा पाहिल्या तेव्हा तर चोराच्या आळसाची कीव आली. माझ्या माहितीपटात हा शॉट डिझॉल्व्हने पुढच्या शॉटमध्ये मिसळतो. चोराने शेवट कापला होता, पण काही फ्रेमा कमी पडल्या होत्या, आणि त्यांत अण्णांच्या खांद्यावर पुढच्या शॉटमधली साच्यांची रांग भुतासारखी उगवत होती. स्वतः चित्रित केलेल्या क्लिपमध्ये पुढचा शॉट कुठून येईल, हा प्रश्न ती तपासून मंजूर करणाऱ्याला पडायला हवा होता. अशा संकेतस्थळांवर प्रत्येक क्लिप तपासली जाते असे सांगतात, आणि ते खोटेही नाही. त्याच कारखान्यातली, ओल्या शाडूच्या मूर्तींची माझी एक क्लिप मी २०१८ मध्येच एका संकेतस्थळाला पाठवली होती, ती रंगाच्या डब्यावरचे कंपनीचे नाव वाचता येते या कारणाने परत आली होती. डबा त्यांना दिसतो, डिझॉल्व्ह दिसत नाही. चोराने कडा कापल्यामुळे या क्लिपमधला डबा मात्र आपोआप गेला होता.

क्लिपखालचे शीर्षक वाचून खोलीतले सगळे हसले: 'भारतीय माणूस हत्तीच्या पुतळ्याला रंग देताना'. कीवर्डांची पन्नासाची मर्यादा त्याने पुरती वापरली होती आणि त्यांत बुद्ध, योग, मसाला आणि थायलंडही होते. त्याच खात्यात आणखी तीनशेच्या वर क्लिपा होत्या. आइसलँडवरचे ड्रोन, हनोईतला बाजार, मथुरेची होळी, कुठल्याशा शस्त्रक्रियेचा क्लोज-अप. एक माणूस एवढे फिरू शकेलही, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा कॅमेरा, रंगांची समज आणि हाताचा कंप बदलणार नाही.

२०१६ मध्ये गाजलेले कॅरोल हायस्मिथ यांचे प्रकरण मी नव्या मुलांना नेहमी गंमत म्हणून सांगत असे. या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांच्या वापरासाठी देऊन टाकली होती, आणि त्यांतलेच एक छायाचित्र स्वतःच्या संस्थेच्या संकेतस्थळावर लावल्याबद्दल त्यांना छायाचित्रे विकणाऱ्या एका कंपनीच्या वतीने १२० डॉलर भरण्याचे पत्र आले होते. त्या दुपारी सहाय्यकाने मलाच विचारले, "सर, मग आता आपण तुमची क्लिप विकत घ्यायची का?"

मी एजन्सीला फोन केला आणि सांगितले की हा शॉट माझा आहे, मूळ फोर-के प्रत माझ्या कपाटात आहे, ती मी देतो. माझी समजूत होती की प्रश्न मिटला. बाईंनी शांतपणे विचारले, "तुमच्याकडे त्या मूर्तिकाराचं रिलीज आहे का?" ओळखू येणारी व्यक्ती जाहिरातीत दाखवायची तर तिचे लेखी संमतिपत्र लागते, त्याला आम्ही रिलीज म्हणतो. माझ्याकडे ते नव्हते. माहितीपट करताना मी ते घेतले नव्हते, आणि नेमक्या याच कारणासाठी अण्णांचा शॉट मी स्वतः कधी स्टॉकवर टाकला नव्हता. चोराच्या क्लिपखाली मात्र 'मॉडेल रिलीज उपलब्ध' असे स्वच्छ लिहिले होते. बाई म्हणाल्या, "त्याचे कागद पूर्ण आहेत. आमच्या लीगलला तुमच्यापेक्षा तोच बरा वाटेल." त्या चुकीचे बोलत नव्हत्या. परवाना घेतला की पुढे वाद उद्भवल्यास ठरावीक रकमेपर्यंत भरपाईची हमी संकेतस्थळ देते, आणि माझ्याकडे हमी म्हणून देण्यासारखे एक हार्ड डिस्क आणि माझे तोंड एवढेच होते. तरीही, समोरचा माणूस हा शॉट माझा आहे असे सांगत असताना चोरीची प्रत अधिक कायदेशीर वाटावी, हे ऐकून मी फोनवर आवाज चढवला, आणि त्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही.

शेवटी ठरले की सहापर्यंत रिलीज आले तर माझा शॉट, नाहीतर शॉटच काढून टाकायचा.

पेणला फोन अण्णांच्या मुलाने उचलला. गणपतीला तीन आठवडे उरलेले असताना कारखान्यात फोन करणे म्हणजे पंगतीत वाढप्याला हाक मारण्यासारखे आहे, तरी त्याने सगळे ऐकून घेतले. अण्णांचा हात आता थरथरतो, दोन वर्षांपासून आखणी मुलगाच करतो, हे मला त्या दिवशी कळले. मी संमतिपत्राचा नमुना पाठवला आणि एजन्सीकडून कबूल करून घेतलेले पाच हजार रुपये सांगितले. तो म्हणाला, "सही देतील हो अण्णा, त्यात काय. पण दादा, त्या चोरानं ज्या कागदावर सही दाखवली, ती कुणाची?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. फ्रेमा मोजण्यात तास घालवला होता आणि कुणीतरी, कुठेतरी बसून, अण्णांच्या जागी एक नाव लिहून त्याखाली सही ठोकली आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

मग तो अगदी सहज म्हणाला, "तुम्ही शूटिंगला आला होतात ना, त्या तीन दिवसांत अण्णांची बरीच आखणी राहिली होती. रात्री बसून केली त्यांनी." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मला ते ठाऊक नव्हते. लाइट हलवताना "अण्णा, परत एकदा" असे मी किती वेळा म्हटले होते ते मात्र माझ्याच आवाजात मूळ क्लिपांवर आहे. अण्णांना त्या वेळी मी काहीही दिले नव्हते. त्यांच्याकडचा चहा प्यालो होतो आणि माहितीपट झाल्यावर लिंक पाठवली होती.

पावणेसहाला व्हॉट्सॲपवर सहीचा फोटो आला. सही वाकडीतिकडी होती, कागदाच्या कोपऱ्यावर गुलाबी रंगाचा अंगठा उमटला होता. जाहिरात माझ्या शॉटसह गेली आणि अण्णांचे पैसे, माझ्या तीन आठवणींनंतर, दीड महिन्याने पोहोचले.

रात्री मी संकेतस्थळाकडे तक्रार करायला बसलो. कंपनी अमेरिकन असल्याने तिथल्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टप्रमाणे नोटीस द्यायची होती. मी पुराव्यांची फाइल बांधली होती आणि मला तिचा अभिमान होता. एक मिनिट बेचाळीस सेकंदांची मूळ अखंड क्लिप, म्हणजे चोरलेल्या सहा सेकंदांच्या आधीचे आणि नंतरचे सगळे सेकंद, ज्यांत अण्णा रेघ संपवून कुंचला पुसतात आणि माझ्याकडे बघून "झालं का?" विचारतात, सोनीचा कॅमेरा प्रत्येक क्लिपबरोबर जी छोटी एक्सएमएल फाइल लिहितो ती, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याच्या सिरियल नंबरसह, आणि तो डिफरन्सचा काळा पडदा. फॉर्मला यातले काहीही नको होते. मूळ कलाकृती कोणती, चोरलेली कुठे आहे, तुमचा पत्ता काय, आणि खोटे बोलत असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र राहीन अशा आशयाचे वाक्य. खाली स्वतःचे नाव टंकले की ती सही. म्हणजे चोराने 'हे माझे आहे' असे टंकले होते आणि मीही तेच टंकले.

हक्काच्या बाबतीत माझे नशीब बरे होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा 'कर्ता' कॅमेरामन नसून निर्माता असतो, आणि हे माझ्या ओळखीतल्या निम्म्या कॅमेरामनना ठाऊक नाही. तोच शॉट मी रोजंदारीवर दुसऱ्या कुणासाठी घेतला असता तर तक्रार करण्याचा अधिकारही मला नसता. पैसे मी घातले होते म्हणून निर्माता मी. मात्र अमेरिकेत वेळेत नोंदणी केलेली नसल्यामुळे तिथल्या कायद्यातली ठरावीक रकमेची भरपाई मागता येणार नाही, झालेले नुकसान सिद्ध करत बसावे लागेल, असे वकील मित्राने सांगितले आणि पुढच्या वाक्यात त्या खटल्याला लागणारा खर्चही सांगितला.

चार दिवसांनी क्लिप गेली. तक्रारीला आव्हान देणारी प्रतिनोटीस चोराने दिली नाही. ती किती जणांनी विकत घेतली, त्यातून त्याला किती मिळाले, हे गोपनीय असल्याचे उत्तर आले. ज्यांनी आधी परवाना घेतला त्यांच्या कामांत अण्णा उजव्या सोंडेच्या गणपतीचा डोळा डाव्या हाताने काढत राहणार आहेत. खाते मात्र त्यानंतर कितीतरी दिवस तसेच होते, कारण उरलेल्या क्लिपा माझ्या नाहीत आणि दुसऱ्याच्या वतीने मला तक्रार करता येत नाही. फ्रेमा उलट्या करून चित्राने शोध घेतल्यावर दोन मूळ मालक सापडले, त्यांना मी लिहिले. हनोईच्या बाजाराचा मालक तासाभरात उत्तरला. दुसऱ्याकडून अद्याप काही नाही.

सहीबद्दल मी वेगळे पत्र पाठवले होते. या व्यक्तीचे खरे संमतिपत्र माझ्याकडे आहे, तेव्हा तुमच्याकडच्या कागदावर कुणाचे नाव आणि कुणाची सही आहे ते कळवावे, एवढेच विचारले होते. तिसऱ्या पक्षाची वैयक्तिक माहिती देता येत नाही, असे उत्तर आले. ज्याची माहिती मागतो आहोत तो माणूस पेणला माझ्या फोनच्या पलीकडे बसला आहे, असे मी उलट लिहिले. त्यावर तिकिटाचा, म्हणजे तक्रारीच्या नोंदीचा, क्रमांक आला आणि दोन आठवड्यांनी ते तिकीट 'निकाली' झाल्याचे पत्र आले.

अण्णांचा मुलगा अधूनमधून फोन करतो. कधी नव्या साच्यांचे फोटो पाठवतो, कधी एखाद्या गिऱ्हाइकासाठी छोटा व्हिडिओ कसा काढावा ते विचारतो, आणि ठेवण्यापूर्वी न चुकता म्हणतो, "अण्णा विचारत होते, ती सही कुणाची निघाली?"