वाड्याच्या विटेला सिमेंट चालत नाही

कसब्यातल्या जुन्या वाड्याचे फ्लॅट करताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो तळमजल्याच्या भिंती कोरड्या करण्यात. खाली दगडी जोतं, वर विटा-चुन्याची दीड-दोन फुटी भिंत आणि तिच्यावर मधल्या काळात मारलेला सिमेंटचा गिलावा. जमिनीतली ओल विटेत चढतेच. चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंट मात्र तिला कोंडून धरतं. मग ओल आणखी वर सरकते आणि छातीच्या उंचीवर लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, फुलतो. त्यावर ऑइलपेंट मारा, पुढच्या पावसाळ्यात पोपडे तयार!

सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढलं. ब्रेकर लावला की विटेचा कठीण पापुद्राच सोबत निघतो आणि उरतो आतला भुसभुशीत गाभा. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, इंचभर खोल उकरल्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात. शिमग्याच्या सुमारास उघडी केलेली भिंत उन्हाळाभर तशीच ठेवली आणि गिलाव्याला हात लावला तो दिवाळीनंतर. घाई इथेच नडते.

तोवर चुना मुरत होता. चुनकळी, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला चुना, पाण्यात टाकायची; चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटून चुना उडतो, तेव्हा चष्मा हवाच. नीट ढवळून गाळायचा आणि वर चार बोटं पाणी राखून निदान महिनाभर झाकून ठेवायचा. न विरलेला एखादा खडा राहिला तर तो गिलाव्यात शिरल्यावर कधीतरी फुगतो आणि तेवढा तुकडा उडवतो.

आम्ही 1 भाग चुना, 1 भाग सुरकी (विटेची भुकटी), 2 भाग वाळू असं प्रमाण धरलं; वर गूळ-हिरड्याचं पाणी, बेताचंच. सुरकी बेताने भाजलेल्या विटेची घ्यावी. खंगर, म्हणजे फाजील भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी नीट धरत नाही. भिंत आधी ओली करून पहिला थर 12 मिमीच्या आत, दुसरा त्याहून पातळ. थर आवळत आला की लाकडी थापीने ठोकायचा, म्हणजे बारीक तडे मिटतात. त्यावर आठवडाभर ओलं गोणपाट.

भिंतीत खाचा मारून पाइप पुरले नाहीत. बाथरूम एकावर एक घेऊन नळ्या चौकाच्या बाजूने उघड्याच उतरवल्या. गळती दिसते तरी.

शेवटी रंग चुन्याचाच. रंगारी सवयीने पुट्टीच्या गोण्या घेऊन येतो, त्या दारातूनच परत पाठवायच्या.