माझं नाव यात कुठी राहते मॅडम?

मागच्या आठवड्यातली गोष्ट आहे, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढते.

मी नागपूरला नर्सिंगच्या पोरींना अॅनाटॉमी-फिजिओलॉजी शिकवते. त्या दिवशी विषय होता म्हातारपणीचा मेंदू आणि डिमेन्शिया, म्हणजे आजारानं आठवण आणि समज ढासळत जाणं. बाहेर ऊन रणरणतंय, कूलर घरघरतोय, आणि आमचे लॅबवाले काका नेहमीसारखे दोन्ही हातांनी मेंदूचा ट्रे घेऊन आले, ठेवला आणि दाराशी उभे राहिले.

सुरुवातीलाच विचारलं की तुमच्या घरी याला काय म्हणतात. म्हातारचळ, साठी बुद्धी नाठी, एक म्हणाली सोंग करते म्हणतात. सगळं फळ्यावर लिहिलं. मग सांगितलं की वय झालं की नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा सापडत नाही, ते चालतं, पण चष्मा हातात धरून हे काय आहे असं विचारलं तर ते वय नाही, आजार आहे.

मग ऑगुस्टची गोष्ट सांगितली. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ही पन्नाशीची बाई आली, तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर, ज्यांचं नाव पुढे या आजाराला पडलं, तिला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून ठेवायचे. तुझं नाव काय? ऑगुस्ट. नवऱ्याचं? मला वाटतं ऑगुस्ट. इथं पोरी हसल्या, वयच तसं आहे त्यांचं. 1906 मध्ये ती गेली, मेंदू तपासला तर सुकून आकसलेला, पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि आत धाग्यांचा गुंता, त्यातल्या प्रथिनांना आज आपण अमायलॉइड आणि टाऊ म्हणतो.

तास संपला, पोरी ट्रेभोवती जमल्या, तेव्हा काका पुढे आले. इतकी वर्षं हेच मेंदू ने-आण करतात पण कधी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, माझं नाव यात कुठी राहते?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "आमच्या घरची मले आता दादा म्हणते जी. तिचा भाऊ समजते. संध्याकाळ झाली का पिशवी भरते, म्हणते रामटेकले सोडून दे, माय वाट पाहून राहिली. माय जाऊन वीस वर्षं झाली."

एकही पोरगी हसली नाही. मी ग्लोव्ह घातलेल्या बोटानं कानामागच्या भागाच्या आतली बाजू दाखवली, हा हिप्पोकॅम्पस, नवीन आठवण आधी इथं बसते आणि अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा मार पहिल्यांदा इथंच बसतो. म्हणून आज सकाळचं जातं, लहानपणचं रामटेक त्या मानानं टिकतं. भाऊ जुना, तुम्ही लग्नानंतरचे. काका वाकून खूप वेळ बघत राहिले. "म्हणजे ती मुद्दाम नाही करत." नाही काका. "मी रागावतो तिले. पोरंही ओरडतात."

दाखवलं का कुठे विचारलं तर कुठेच नाही. बासष्ट वर्षांची बाई, आणि सगळ्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं! मला फार राग आला, काकांचा नाही, त्या फळ्यावरच्या शब्दांचा. बी-ट्वेल्व्ह कमी असलं, थायरॉइड बिघडलं, डिप्रेशन असलं तरी माणूस असं विसरतं आणि त्यातलं बरंच औषधानं सुधारतं, पण तपासल्याशिवाय कसं कळणार? ऐकू येतं का नीट विचारलं, तर म्हणाले टीव्ही मोठ्ठा लावते. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं डिमेन्शियाचे टाळता येण्यासारखे जे 14 धोके सांगितलेत त्यात कमी ऐकू येणंसुद्धा आहे, काकांसाठी चिठ्ठी केली त्यात तेही लिहिलं, खाली न्यूरॉलॉजी ओपीडी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे दाखवायचं, असं लिहिलं. हे सगळं ठीक होईल असं मात्र मी बोलले नाही, ते खोटं झालं असतं.

एका पोरीनं विचारलं, काका, त्या रामटेकला चला म्हणतात तेव्हा तुम्ही काय म्हणता? "मी म्हणतो माय गेली. मग ती रडते. रोज." मी म्हटलं, उद्यापासून ते नका सांगू, रामटेकला काय काय होतं ते विचारा, बोलू द्या त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे ठेवता ठेवता काका म्हणाले, "काल तिनं आंबाळ्याच्या तलावाचं सांगितलं, घंटाभर. मले माहीतच नव्हतं तिले पोहता येते."