रोबो मैदानात मधेच का थांबतो?

अमेरिकेतला भाचा किंवा नात जानेवारी ते मार्च फोनवर सापडत नसेल, तर शाळेच्या वर्कशॉपमध्ये असण्याची शक्यता दाट आहे. तिथल्या हायस्कूलांमध्ये फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशनचं, म्हणजे मुलांनी बांधलेल्या रोबोंच्या स्पर्धेचं, वेड मोठं. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी 1989 मध्ये ती भरवणारी ‘फर्स्ट’ ही संस्था काढली. पहिली स्पर्धा 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये झाली, तेव्हा संघ होते 28. आता जानेवारीतल्या एका शनिवारी त्या वर्षीचा खेळ जगभर एकदम जाहीर होतो आणि सुरुवातीच्या स्पर्धांपर्यंत हातात उरतात सात-आठ आठवडे. तीन रोबोंची लाल आघाडी, तीनची निळी, सामना साधारण अडीच मिनिटांचा. 2025 मध्ये वजनाची मर्यादा 115 पौंड होती, म्हणजे बंपर आणि बॅटरी सोडून 52 किलो.

प्रेक्षकांचं लक्ष रोबोच्या लांबलचक हाताकडे असतं. सामने मात्र बरेचदा वायरिंगवर जातात.

बॅटरी 12 व्होल्टची, सुमारे 18 अँपिअर-अवरची. समोरच्याला ढकलताना रोबो सहज 200 अँपिअर ओढतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध 0.02 ओहम धरला, तर तिथेच 4 व्होल्ट पडतात. साडेबाराचे साडेआठ होतात. त्यात टर्मिनलचा नट सैल असेल आणि सांध्यात आणखी 0.01 ओहम आला, तर अजून 2 व्होल्ट गेले. साडेसहाच्या आसपास रोबोरिओ हा कंट्रोलर स्वतःला वाचवायला मोटारी बंद करतो. मुलं कोडमधला बग शोधत बसतात आणि दोष असतो पान्याच्या एका फेऱ्यात! म्हणून टर्मिनल बोटांनी हलवून बघायचं. जरा जरी हललं तरी ते सैल. नायलॉनवाला लॉकनट वापरायचा, प्रत्येक बॅटरीवर नंबर घालायचा, आणि वायरला धरून ती कधीच उचलायची नाही.

दुसरी नेहमीची डोकेदुखी कॅन बस, मोटार कंट्रोलरना जोडणारी पिवळी-हिरवी जोडी. पॉवर बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा: 60 ओहमच्या जवळपास यायला हवं, कारण दोन्ही टोकांना 120-120 चे रेझिस्टर समांतर असतात. 120 दिसले तर एक टोक तुटलंय किंवा एक रेझिस्टर राहिलाय. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. क्रिंप केल्यावर, म्हणजे तारेवर कनेक्टर दाबून बसवल्यावर, प्रत्येक तार ओढून बघण्याचं काम नवव्या इयत्तेतल्या मुलांकडे द्यावं. ती निर्दयपणे ओढतात.

मेंटर म्हणून येणारे आपले इंजिनीअर पालक इथेच घोळ घालतात. वेळ कमी पडली की स्वतः पाना हातात घेतात. रोबो वेळेत तयार होतो, पण मैदानात तो बंद पडल्यावर कुठे बघायचं हे मुलांना माहीत नसतं. मीटर मुलाच्या हातात, प्रश्न आपल्या तोंडी, एवढं पथ्य पुरे. काही शाळांना तेही जमत नाही.

खर्च मात्र अवाढव्य. हंगामातल्या पहिल्या स्पर्धेची नुसती नोंदणीच सहा हजार डॉलरच्या घरात, रोबो वेगळा. तरीही मुंबईतली शाळकरी मुलं यात उतरलेली आहेत. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी याच संस्थेची छोटी स्पर्धा, फर्स्ट टेक चॅलेंज, बरी: सुरुवातीला 18 इंची घनात मावणारा रोबो, छोटी बॅटरी, आणि भारतातही स्पर्धा होतात. तिथेही यूएसबी केबल आणि पॉवरचे कनेक्टर धक्क्याने निसटतात, तेव्हा झिपटायने ते चौकटीला आधीच बांधून ठेवा.