जुना ब्रॉडकास्ट लिमिटर: बदलायचं काय, सोडायचं काय

प्रसारणाच्या रॅकमधला लिमिटर, म्हणजे आवाजाची पातळी ठरलेल्या मर्यादेवर दाबून धरणारं उपकरण, एकाच कामासाठी बनलेला असतो: ट्रान्समीटर ओव्हरमॉड्युलेट होऊ द्यायचा नाही, म्हणजे त्याला झेपेल त्याहून जोरात सिग्नल जाऊ द्यायचा नाही. त्यातून गाणं किंवा बास रेकॉर्ड करायचा तर त्याच्या काही सवयी मोडाव्या लागतात. मात्र हाताला लागेल तो कपॅसिटर बदलत सुटलं, तर कशाने काय सुधारलं आणि कशाने बिघडलं हेच कळेनासं होतं. इथे २४ व्होल्टवर चालणारं, डायोड ब्रिजचं (चार डायोडच्या जोडणीने आवाज कमीजास्त करणारं), दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असलेलं मॉड्यूल गृहीत धरलं आहे.

सप्लाय जोडण्याआधी ग्राउंड कोणत्या बाजूला आहे ते बघा. जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या काळातल्या अनेक मॉड्यूलमध्ये पॉझिटिव्ह टोकच ग्राउंडला असतं. असं मॉड्यूल निगेटिव्ह ग्राउंडवाल्याशेजारी एकाच सप्लायवर बसवलं की चॅसिसमधून सरळ शॉर्ट. बेंच सप्लायची करंट मर्यादा १०० मिलिअँपिअरला ठेवून व्होल्टेज हळूहळू चढवा. २४ व्होल्टच्या लाइनवर २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर ते आता ३५ किंवा ५० व्होल्टचे घाला. जुन्या बोर्डाचे ट्रॅक उष्णतेने सहज उखडतात, म्हणून पाय आधी वरून कापा आणि मग एकेक काढा.

खरी गंमत साइडचेनमधल्या, म्हणजे आवाज मोजून किती दाबायचं ते ठरवणाऱ्या सर्किटमधल्या, टायमिंग कपॅसिटरची. समजा तो २.२ मायक्रोफॅरॅडचा आहे आणि रिलीजचा (दाबलेला आवाज पूर्ववत होण्याच्या वेळेचा) रिझिस्टर ४७० किलोओहम. दोघांचा गुणाकार, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, झाला १.०३ सेकंद. पण जुन्या टँटलम कपॅसिटरमधून ५ व्होल्टला १० मायक्रोअँपिअर लीकेज होत असेल, तर त्याच्या समांतर जणू ५०० किलोओहम लागलेले असतात आणि रिलीज जवळपास निम्म्यावर येतो. पुढच्या पॅनेलवरचे आकडे खोटे ठरतात ते इथे. त्या जागी पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर बसवा. आकाराने मोठा असेल, आडवा झोपवा.

अटॅक, म्हणजे आवाज दाबायला लागणारा वेळ, चार्जिंग रिझिस्टरवर ठरतो: १ किलोओहम असेल तर २.२ मिलिसेकंद. तो ४७० ओहम केला की साधारण १ मिलिसेकंद, पण ५ व्होल्टला ड्रायव्हर ट्रान्झिस्टरला १० मिलिअँपिअरहून जास्त द्यावे लागतात, तेव्हा त्याची ऐपत आधी बघा. रिलीजही हावरटपणे कमी करू नका. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. रिलीज ५० मिलिसेकंदांवर आणला की गेन प्रत्येक आवर्तनातच वरखाली होतो आणि बासमध्ये तिसरा हार्मोनिक ऐकू येऊ लागतो.

एफएमसाठीच्या लिमिटरच्या साइडचेनमध्ये बहुधा प्री-एम्फसिस (वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम चढवणं) असतो. ५० मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ३.१८ किलोहर्ट्झपासून चढत १५ किलोहर्ट्झला १३.७ डीबी होतो. म्हणून झांजेच्या एका ठोक्याने अख्खं गाणं दबतं. साइडचेनमधल्या त्या कपॅसिटरचा एक पाय उचलला की काम भागतं. उचललेल्या पायाला टेप लावून ठेवा, उद्या परत जोडता येईल. पण प्री-एम्फसिस ऑडिओच्या मार्गातच असेल तर पुढे त्या परत उतरवणारा डी-एम्फसिसही असणार. दोन्ही एकदमच काढायचे, नाहीतर आवाज एक तर कर्कश होईल किंवा बोदा.

ब्रिजमधला एक डायोड गेला तर चारही बदला. १० मायक्रोअँपिअर, १०० मायक्रोअँपिअर आणि १ मिलिअँपिअर अशा तिन्ही करंटला फॉरवर्ड व्होल्टेज २ मिलिव्होल्टच्या आत जुळायला हवं. मोजताना डायोड बोटांत धरू नका, एका अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट सरकतात. जुळणी कच्ची असेल तर लिमिटर पकडताना ‘धप्’ असा आवाज येतो. तो घालवण्यासाठी इनपुट ६०० ओहमने बंद करा, कंट्रोल लाइनला (साइडचेनकडून ब्रिजकडे जाणाऱ्या तारेला) सेकंदाला दोन पल्स द्या आणि आउटपुटवरचा उसळा ऑसिलोस्कोपवर कमीत कमी होईपर्यंत बॅलन्स ट्रिमर फिरवा.

ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका, मल्टिमीटरच्या ओहम रेंजनेही नाही. मीटरच्या डीसीने म्युमेटल या निकेल-लोखंडी मिश्रधातूचा कोअर चुंबकित होऊ शकतो. आउटपुट मात्र १० किलोओहमच्या आधुनिक इनपुटला जोडताना समांतर ६२० ओहम द्या. नाहीतर १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हच्या कडेवर रिंगिंग (छोट्या लहरी) दिसेल आणि वरचा आवाज उगाच चमकेल.

स्टिरिओसाठी दोन मॉड्यूलच्या कंट्रोल लाइन जोडताना हे सगळं दोन्हीवर आधी झालेलं हवं. जोडल्यावर टायमिंग कपॅसिटर समांतर येतात, रिलीजचे रिझिस्टरही, त्यामुळे वेळ तीच राहते. ५ आणि १० डीबी गेन रिडक्शनला, म्हणजे आवाज तेवढा दाबलेला असताना, दोन्ही बाजू मोजा. फरक १ डीबीच्या वर गेला तर मधला आवाज एका कुशीला कलतो.