जुन्या अल्टोचा इंजिन नंबर शोधताना: माझा अनुभव

सेकंड-हँड गाडी घेताना लोक रंग बघतात, टायर बघतात, किती पळालीय ते विचारतात. इंजिन नंबर मात्र कागदावर आहे ना, एवढ्यावर विषय संपतो. पुण्यात सहकारनगरमधल्या ओळखीच्या एका काकांची २००९ची अल्टो घ्यायचं ठरलं, तेव्हा मी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि विम्याची पॉलिसी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवत गेले. चासी नंबर तंतोतंत जुळला. इंजिन नंबर आरसीवर एफ८डी असा सुरू होत होता आणि पॉलिसीवर एफ८बी. पुढचे आकडे दोन्हीकडे तेच.

काका म्हणाले, “अहो, टायपिंगची चूक असेल.” असेलही. पण खात्री कशी करायची? एमपरिवहन या सरकारी ॲपवर दोन्ही नंबरांचा काही भाग फुल्यांनी झाकलेला असतो, त्यामुळे तिथून काही कळेना. खरा पुरावा एकच, इंजिनवर ठोकलेला नंबर.

हा फरक मला का खटकला, ते नीट सांगते. चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे एक आणि शून्याशी गल्लत होत नाही. सुरुवातीची तीन अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची, मारुतीची एमए३. इंजिन नंबराला मात्र सगळ्या कंपन्यांसाठी एकच साचा नाही, ज्याची त्याची पद्धत वेगळी. सुझुकीच्या इंजिनांत पहिलं अक्षर इंजिनाचं घराणं सांगतं, मधला आकडा साधारण किती लिटरचं ते, आणि शेवटचं अक्षर त्यातला प्रकार. के१०बी म्हणजे के घराण्यातलं एक लिटरचं, ९९८ सीसीचं. एफ८डी म्हणजे एफ घराण्यातलं ७९६ सीसीचं, बारा व्हॉल्व्हचं. त्या काळच्या अल्टोत हेच यायचं. एफ८बीसुद्धा ७९६ सीसीचंच, पण सहा व्हॉल्व्हचं, जुन्या मारुती ८००मधलं. म्हणजे पॉलिसी खरी मानली तर या अल्टोत ८००चं इंजिन बसलेलं असणार! पुढे कधी अपघात झाला आणि विमा कंपनीचा तपासनीस, म्हणजे सर्व्हेअर, बोनेट उघडून उभा राहिला, तर या एका अक्षरावरून दावा अडकू शकला असता.

इंजिन बदलणं हा गुन्हा नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरटीओत त्याची नोंद करावी लागते. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढून काम केलं, पिस्टन-रिंगा बदलल्या, तरी नंबर तोच राहतो, कारण तो ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला.

काकांना घेऊनच धनकवडीतल्या एका गॅरेजमध्ये गेले. चासी नंबर सहज दिसला, बोनेटखाली मागच्या पत्र्यावर ठोकलेला. इंजिन नंबराने मात्र घाम काढला. ब्लॉकवर तेल आणि धुळीचा जाड थर बसला होता. मला एका जागी मोठे उठावदार आकडे दिसले, तर मेकॅनिक म्हणाले, “ताई, तो ओतकामाचा नंबर. साच्यातून आलेला. आपल्याला ठोकलेला पाहिजे, आत गेलेला.” हे फार महत्त्वाचं आहे. उठावाचा असतो तो कास्टिंग, म्हणजे ओतकामाचा नंबर; इंजिन नंबर मात्र पंचाने सपाट जागेवर खोल उमटवलेला असतो.

गिअरबॉक्स जोडतात त्या बाजूला, ब्लॉकच्या काठाशी ती सपाट जागा सापडली. इंजिन गार होईपर्यंत थांबलो, मग त्यांनी रॉकेलच्या फडक्याने हळूहळू पुसलं. तारेचा ब्रश त्यांनी हातातही घेतला नाही. “अक्षरं झिजली तर तपासणीला लोक म्हणणार, नंबर घासलाय.” मग पांढरा खडू त्यावर आडवा फिरवला आणि वरचा पुसून काढला. खाचांमध्ये खडू राहिला आणि पांढरी अक्षरं काळ्या लोखंडावर उठून आली. मान आत जात नव्हती, म्हणून टॉर्च धरून मोबाइल आत सरकवला आणि फोटो काढले. फोटो मोठा करून पाहिला: एफ, ८, डी. डीची पाठ सरळ, पोट एकच, मध्ये आडवी रेघ नाही. पुढचे आकडे आरसीप्रमाणेच. मला खरोखर आनंद झाला.

आरसी बरोबर होती, चूक पॉलिसीत होती. मी काकांना विनंती केली की ही दुरुस्ती तुमच्या नावावर असतानाच करून घ्या, व्यवहार नंतर. त्यांनी आरसीची प्रत आणि ते फोटो विमा कंपनीला पाठवले. एक फोटो नंबराचा जवळून, आणि एक जरा लांबून, ज्यात नंबराची जागा आणि आजूबाजूचं इंजिन दोन्ही दिसतं. दुसरा फोटो नसता, तर तो नंबर याच गाडीवरचा आहे हे कळलं नसतं. दुरुस्तीचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं बदलाचं पत्र आलं, त्यावर डी आहे हे पाहूनच मी पैसे दिले.

त्यानंतरचं सरळ होतं. गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०, चासी नंबरची पेन्सिलछाप (कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा), आरटीओची फी. पॉलिसी नावावर करून घेण्यासाठी गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो, तोही केला. नवी आरसी हातात आल्यावर दोन्ही नंबर पुन्हा त्या फोटोंशी ताडून पाहिले आणि फोटो गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये छापून ठेवले.