धोंडूचं अंगण आणि चार नग वीपहोल

"कासवाला जाळी करायचीय" असा फोन आला तेव्हा मला देऊळच वाटलं. पितळी कासवं चोरीला जातात, दोन देवळांत मी स्वतः पिंजरे ठोकून आलोय. म्हटलं कुठलं देऊळ, तर ताई म्हणाल्या देऊळ नाही हो, आमचं घरचं कासव, जिवंत, बेलापूरला रो हाऊस आहे, मागच्या अंगणात मोकळं सोडायचंय पण कुत्री येतात.

माझा तुर्भ्याला फॅब्रिकेशनचा गाळा. ग्रिल, सेफ्टी डोअर, शेड, असलीच कामं. भाच्याला सांगितलं तर त्याने घाबरवलं, मामा, स्टार कासव असेल तर आत जाशील, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, ते घरात ठेवताच येत नाही. म्हणून कोटेशनच्या आधी मी कागद मागितला. ताईंनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी काढून दाखवली, आणि म्हणाल्या की कागद मागणारे तुम्ही पहिलेच. हे होतं आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिण कडेचं सल्काटा. नाव धोंडू. वजन १८ किलो, आणि पूर्ण वाढलं की ५० किलोसुद्धा सहज होतं. लोक हे तळहातावर मावेल एवढं पिल्लू घेतात आणि पुढचं विचारत नाहीत, फ्लॅटमध्ये पाळणाऱ्यांना तर मी हातच जोडतो. ताईंनी निदान अंगण दिलं होतं.

पहिलं काम मी माझ्या डोक्याने केलं आणि फसलो. पाऊण इंची अँगलची फ्रेम, त्यात एक बाय एकची जीआय वेल्डमेश, चार फूट उंच, जमिनीला अँकर. दिसायला एक नंबर. धोंडूला सोडलं आणि तो जाळीला लागून चालायला लागला. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, परत मागे, दिवसभर. चौथ्या दिवशी ताईंनी फोटो पाठवला, नाक सोलून लाल झालेलं. मला वाटलं बर, म्हणजे कापल्याची धारदार कोर, राहिली असेल कुठेतरी, ग्राइंडर घेऊन धावत गेलो, बोट फिरवून सगळी जाळी बघितली, कुठे काही नाही. मग त्यांचे डॉक्टर बोलले (कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सेक्टरला दोन मिळतात, कासव कळणारा शोधायला ताईंना मुलुंड गाठावं लागलेलं) की अहो त्याला पलीकडचं दिसतंय, म्हणजे त्याच्या हिशेबाने रस्ता आहे, मग तो जाणारच. भिंत द्या, आरपार दिसता कामा नये.

जाळी उतरवली आणि नव्याने केलं, आणि हे काम मी आजपण कोणालाही नेऊन दाखवीन. १८ बाय १२ फुटांच्या अंगणाला चारही बाजूंनी ब्लॉकची भिंत, दोन फूट वर आणि दोन फूट जमिनीखाली, कारण हे जनावर बीळ खणतं आणि थोडंथोडकं नाही, तिकडे वाळवंटात उन्हापासून वाचायला माणूस उभा राहील एवढं खोल जातं. मग दोन फुटांची भिंत पुरणार कशी? तर भिंतीला लागून आतून दीड फूट रुंदीची शहाबादी फरशी अंथरली. कासव खणायला सुरुवात करतं ते बहुतेक भिंतीच्या कडेला, तिथे नखाला दगड लागला की सोडून देतं. कोपरे काटकोनात ठेवले नाहीत, मिस्त्रीकडून गोल फिरवून घेतले, नाहीतर कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाय लावून चढतं आणि उताणं पडतं, उन्हात उताणं राहिलं की मेलंच. मिस्त्री कुरकुरला, म्हणाला ओळंबा कुठे लावू. पण केलं त्याने, सुंदर केलं. वर कुत्र्यांसाठी माझी जुनीच जाळी कापून दोन फूट लावली.

रात्रीची खोली उंच जोत्यावर, सिमेंट बोर्डाची, वर पत्रा, आत जायला रॅम्प. दाराला काय लावावं कळेना. कडी-कोयंडा त्याला काय कामाचा, आणि फ्लॅप लावला तर तो डोकं लावून तोडणार, एवढी ताकद आहे. शेवटी एपीएमसी मार्केटजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचे जुने प्लास्टिकचे पट्टे मिळाले, ते टांगले. हवा अडते, आणि धोंडू बटाट्याच्या गोणीसारखा आरपार जातो.

डॉक्टर म्हणाले तारेचा एक तुकडा राहता कामा नये, कासव चमकणारं काहीही गिळतं. आता वेल्डिंगच्या जागी तारेचे तुकडे राहत नाहीत असं होतं का? मी जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून दोन दिवस अख्ख्या अंगणात नांगरासारखं फिरवलं. मूठभर बाइंडिंग वायर निघाली, तीन स्क्रू, एक हेअरपिन. माझा हेल्पर व्हिडिओ काढून हसत होता. कण्हेर विषारी म्हणून मुळापासून काढली, त्यावरून घरातल्या आजींचं माझ्याशी वाजलं, पूजेला फुलं कुठली आणू म्हणाल्या. त्याला चालते म्हणून जास्वंद लावून दिली, तर ती धोंडूने आजींना मिळूच दिली नाही.

आणि पाणी बाहेर जायला जमिनीच्या लेव्हलला भिंतीतून चार पाइप काढले, दोन इंची पीव्हीसी, बाहेरून जाळी मारलेली. कोटेशनमध्ये एक ओळ, 'वीपहोल चार नग'.

मे महिन्यात धोंडूने मधोमध बीळ खणलं. चारेक फूट आत, तिरपं. सगळ्यांना कौतुक, आजी म्हणाल्या घर केलं गं त्याने. मीपण फोटो स्टेटसला ठेवला. ते बुजवा म्हणायला पाहिजे होतं.

जुलैत एका सकाळी सातला आजींचा फोन. रात्रभर पाऊस. "अरे, तुमच्या कामात पाणी साठलंय, येऊन बघून जा." ताई कामानिमित्त पुण्याला. मी विचारलं धोंडू कुठाय. "आतच असेल की, कासव आहे ना ते, पाण्यात मजेत असेल."

हे आजींचं एकटीचं नाही. मी कोणालाही सांगतो तेव्हा हेच ऐकतो, कासव म्हणजे पाणी. सल्काटाला पोहता येत नाही, दगडासारखं बुडतं.

मिस्त्री आणि हेल्परला टेम्पोत घातलं, सायन-पनवेल रोडवर त्या दिवशी कशी गाडी काढली मला सांगता येणार नाही. पोचलो तर अंगणात गुडघ्याच्या खालपर्यंत लाल पाणी, रात्रीची खोली कोरडी आणि रिकामी. मी पाइपला हात लावला तर आत सिमेंट. चारही बुजवलेले, नीट, थापीने सफाईदार. माळीकाकांनी जूनमध्ये केलं होतं, पाइपातून घूस येते म्हणून. घूस खरंच यायची, बाहेरची माझी जाळी तिने कुरतडून बाजूला केलेली.

घण काढला आणि माझीच भिंत फोडली. प्लास्टरमध्ये वॉटरप्रूफिंग मी स्वतः उभं राहून मिसळून घेतलेलं, फुटता फुटेना. पाणी गेल्यावर मिस्त्री पोटावर झोपून बिळात खांद्यापर्यंत गेला. म्हणाला लागतंय, कवच लागतंय. एरवी याला उचलायला गेलं की चारही पाय रोवून असा अडकून बसतो की दोघांना ऐकत नाही. तो गोणपाटावर सरळ ओढला गेला. तिथे माझे हातपाय गळाले.

डॉक्टर व्हिडिओ कॉलवर. उताणं करू नका, डोकं खाली करा, मान हळूच पुढे ओढा, पुढचे पाय आत-बाहेर करा. १८ किलो डोकं खाली धरून मी आणि हेल्पर पावसात उभे, त्याच्या नाकातोंडातून गढूळ पाणी येतंय, आजी जिन्यात बसून रामरक्षा म्हणतायत. किती वेळ गेला माहीत नाही. मग मागचा एक पाय आत ओढला गेला. मिस्त्री मला म्हणतो, शेठ, रडू नका.

धोंडू वाचला. कासव श्वास न घेता बराच वेळ तग धरतं, त्यामुळेच. न्यूमोनिया झाला, तीन आठवडे इंजेक्शनं, कोरड्या खोलीत.

भिंतीचे पैसे मी घेतले नाहीत. पण हिशेब डोक्यातून जात नाही. १८ बाय १२ म्हणजे साधारण २० चौरस मीटर, १०० मिमी पाऊस पडला तर २,००० लिटर, चार इंच पाणी, त्याने काही झालं नसतं. बाकीचं पाणी गच्चीचं. गच्चीचा डाऊनटेक पाइप त्या अंगणातच सुटत होता, आधीपासून. मी तो रोज बघत होतो, एकदा त्याच्याखाली उभं राहून डबासुद्धा खाल्ला. एक बेंड आणि दहा फूट पाइप, जेमतेम हजार रुपये, बाहेरच्या चेंबरला जोडला असता तर वीपहोल बुजले असते तरी चाललं असतं. मी माळीकाकांवर त्या दिवशी फार ओरडलो. ते खाली मान घालून एवढंच म्हणाले, भोक कशासाठी आहे ते मला कोणी सांगितलंच नाही. कोटेशन ताईंच्या ईमेलमध्ये होतं. माळीकाकांना ईमेल कुठला.

आता डाऊनटेक बाहेर काढलाय, बीळ खडी टाकून बुजवलंय, पाइपांना आतून-बाहेरून स्टीलची जाड जाळी बसवलीय. धोंडूने तरी दुसरीकडे खणायला घेतलंयच. परवा रात्री जोराचा पाऊस झाला तेव्हा झोप लागेना, पहाटे बाइक काढून बेलापूरला गेलो आणि बाहेरच्या गटाराच्या बाजूने टॉर्च मारला. चारही पाइप वाहत होते. माळीकाका छत्री घेऊन आधीच तिथे उभे.